फळ्यावरचे सत्तावीस अंश

मी रोज ज्या तलावात पोहतो त्याच्या दारात एक मोठा पिवळा फळा आहे. बॅचच्या वेळा, मासिक पासचे दर, टोपी सक्तीची, त्वचेचा आजार असल्यास पाण्यात उतरू नये, अशा नेहमीच्या सूचना त्यावर आहेत. अगदी खाली, वेगळ्या चौकटीत, एक ओळ आहे : 'आजचे पाण्याचे तापमान 27° से.' जानेवारीत पहाटे सहाच्या बॅचची माणसं कानटोपी काढायला तयार नसतात, तेव्हाही 27. एप्रिलमध्ये चार फेऱ्या मारल्यावर पाण्यातच घाम येतोय असं वाटतं, तेव्हाही 27. सुरुवातीला मला वाटलं, बदलायचं राहून जात असेल. मग एकदा बोट ओलं करून आकड्यावरून फिरवलं. खडू नव्हता, ऑइलपेंट होता. 'आजचे' हा शब्दसुद्धा ऑइलपेंटमध्येच होता.

पासवर शिक्का मारणाऱ्या मुलाला विचारलं.

"काका, पेंटरला सगळा फळा एकदमच दिला होता. चौकट रिकामी दिसत होती म्हणून त्यानं भरली."

"पण सत्तावीसच का?"

"तेवढं असतंच ना साधारण."

मुलगा चांगला आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण त्या 'साधारण'चा मला राग आला आणि तो अजून उतरलेला नाही. कारण माझं सगळं नोकरीचं आयुष्य त्या एका शब्दाशी भांडण्यात गेलं. आधी भोसरीत आणि मग चाकणला मी कारखान्याच्या स्टँडर्ड रूममध्ये होतो. बाहेर शॉपवर मे महिन्यात पत्रा तापून माणसं बेजार व्हायची, आणि आमच्या खोलीत बाराही महिने 20 अंश. ते आमच्या सुखासाठी नव्हतं. जगभर लांबी मोजायची ती 20 अंशांवरची, असं ठरलेलं आहे. एक मीटर पोलाद एका अंशाला साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास वाढतं. शॉपवरून गरम जॉब घेऊन कोणी घाईनं आत आलं, तर मी त्याला जॉब ग्रॅनाइटवर ठेवायला लावून परत पाठवायचो. जॉब खोलीच्या तापमानाला येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. लोक चिडायचे. पण तापमान माहीत नसताना घेतलेलं माप हे माप नसतं, एवढं त्यांनाही कळत होतं.

या आपल्या पट्ट्यात तापमान न मोजलेली वस्तू शोधून सापडायची नाही. क्वेंचिंगचं तेल, फॉस्फेटिंगची टाकी, पेंटशॉपची भट्टी, सीएनसीचं कूलंट, कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारी हवा, सगळ्यांचं तापमान मोजलं जातं. दर तासाला तक्त्यात आकडा आणि आकड्याशेजारी सही. थर्मोकपलवर चिकटपट्टी, तिच्यावर पुढच्या कॅलिब्रेशनची तारीख. ऑडिटमध्ये एक रकाना रिकामा सापडला तर एनसी, म्हणजे त्रुटीची नोंद, लागते, आणि तो का रिकामा राहिला याचं उत्तर सुपरवायझरला लेखी द्यावं लागतं. आणि याच पट्ट्यातून पवना वाहते, इंद्रायणी वाहते, दक्षिणेच्या कडेनं मुळा वाहते, वर खेडकडे भामा आहे. त्यांचं पाणी आज सकाळी किती अंश होतं, हे कुठल्याही घाटावर लिहिलेलं नाही.

विचारलं तर लोक हवेचं तापमान सांगतात. मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, चौदा आहे, नका जाऊ आज. ते चौदा हवेचे असतात. हवेचा हिशेब आपल्याकडे फार जुना आणि फार चोख आहे. पुण्यात 17 जानेवारी 1935 ला पारा 1.7 अंशांवर उतरला होता, हे आजही दर थंडीत वर्तमानपत्रं छापतात. पण हवा एका रात्रीत दहा-पंधरा अंश उतरते, तेव्हा खोल पाणी जेमतेम एखादा अंश उतरतं. पोहणाऱ्याला हवेचा आकडा कपडे काढण्यापुरता कामाचा. त्यानंतरचा अर्धा तास तो पाण्यात असतो.

जे पाण्यातून नुकतेच बाहेर आलेले असतात त्यांच्याकडून तरी नीट उत्तर मिळावं, तर तेही नाही. "पाणी कसं आहे?" "एकदम मस्त." "गार आहे का?" "उतरल्यावर काही वाटत नाही." ही दोन उत्तरं मी हजारदा ऐकली असतील. माझी आजी यांच्यापेक्षा पुष्कळ नेमकी होती. ती खेड तालुक्यातली, भामेच्या काठची. तिच्याकडे ऊन, कोमट, शेळं, गार, गारेगार, गारढोण असे वेगवेगळे शब्द होते आणि ती ते अदलाबदल करून वापरत नसे. पौष पौर्णिमेपासून माघ पौर्णिमेपर्यंत महिनाभर ती उजाडायच्या आत नदीवर माघस्नानाला जायची. परत आली की ओल्या केसांनी चुलीपुढे बसून आधी पाण्याचं सांगायची. काल गार होतं, आज शेळं आहे, वारा पडलाय. त्या एका महिन्यात तिच्याकडे रोजची, एकाच वेळची, एकाच जागेची नोंद असायची. आकडा नव्हता, पण नोंदीची शिस्त होती. आमच्या खोलीत ती चालली असती.

विहिरीचं तिनंच सांगितलं होतं : पौषात ऊन, चैत्रात गार. मी पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून त्याच विहिरीत पोहायला शिकलो आणि मला ती विहिरीची माया वाटायची. पुढे कळलं की जमिनीखालचं पाणी वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाला असतं, त्या भागातल्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास. बदलते ती वरची हवा आणि आपलं अंग. हे कळल्यावर माया कमी झाली नाही, उलट आजी किती बरोबर सांगत होती याचं नवल वाटलं.

रविवारी आम्ही तिघं मावळात जातो. एक जुना फिटर, एक भोसरीत प्लेटिंगचं छोटं वर्कशॉप चालवलेला, आणि मी. पवनेवर, रावेतच्या बरंच वर, एका गावाच्या घाटाशी डोह आहे. पावसाळ्याचे चार महिने आम्ही तिकडे फिरकत नाही. एरवी एक जण नेहमी काठावर दोरी घेऊन उभा राहतो आणि दोघं पोहतात. तिथे थर्मामीटर न्यायला मी सुरुवात केली ती एका मे महिन्यात. अंग उन्हानं तापलेलं, वरचं पाणी छान कोमट. मी सूर मारला आणि खाली गेल्यावर गार थर लागला. छातीतून श्वास एकदम आत ओढला गेला, पोटरीत गोळा आला. दोरी होती म्हणून निभावलं. खोल, संथ पाण्यात उन्हाळ्यात असंच होतं. तापलेलं पाणी हलकं, ते वर तरंगतं. गार पाणी जड, ते तळाशी बसतं. आणि मधे फारसं काही मिसळत नाही. वर हात घालून पाहणाऱ्याला खालचं कळतच नाही. दर उन्हाळ्यात धरणांच्या फुगवट्यात आणि डोहांत पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात. त्यातली किती या थरामुळे, हे मी सांगू शकत नाही. पण पाण्याकाठच्या पाट्यांवर मी आजवर 'पोहण्यास सक्त मनाई' एवढंच वाचलं आहे. वर कोमट आहे, खाली गार आहे, उडी मारू नका, असं एकाही पाटीनं कधी सांगितलेलं नाही. मनाई का आहे हे सोळा वर्षांच्या पोराला कळलं, तर ते निदान थांबून विचार करील, असं मला मनापासून वाटतं.

थर्मामीटर मिळवण्यातही फार वणवण झाली. औषधाच्या दुकानातला तापाचा, तो 35 च्या खाली काही दाखवत नाही. काचेचा पाऱ्याचा घाटावर फुटला तर पारा पाण्यात जाणार, तो न्यायचाच नाही. माशांच्या टाकीला लावतात ते दोन आणले, शेजारी शेजारी एका बादलीत ठेवले, तर दोघांत दीड अंशाचा फरक. दुकानदार म्हणाला, "माशांना चालतं की." शेवटी एक पीटी-100 प्रोब आणि हातात धरायचा इंडिकेटर घेतला. महिन्यातून एकदा थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि शुद्ध पाणी घालून त्यात प्रोब बुडवतो आणि शून्य येतंय ना ते बघतो. केबलला टोकापासून 40 सेंटिमीटरवर लाल दोरा बांधला आहे आणि खाली वजनाला एक षटकोनी नट.

40 सेंटिमीटर हे माझ्या मनाचं नाही. खुल्या पाण्यातल्या पोहण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा तो नियम आहे : स्पर्धेच्या दिवशी, सुरुवातीच्या दोन तास आधी, मार्गाच्या मध्यावर, 40 सेंटिमीटर खोलीवर तापमान घ्यायचं. ते 16 अंशांच्या खाली नको आणि 31 च्या वर नको. खालची मर्यादा सगळ्यांना पटते. वरची सांगितली की लोक हसतात, गरम पाण्यानं काय होतंय म्हणतात. ऑक्टोबर 2010 मध्ये संयुक्त अरब अमिरातीत फुजैराला दहा किलोमीटरच्या स्पर्धेत फ्रॅन क्रिपेन हा अमेरिकेचा अव्वल जलतरणपटू पाण्यातच गेला. वय 26. त्या दिवशी समुद्र ऊन होता. ऊन पाण्यात मेहनत करणाऱ्या अंगाला उष्णता टाकायला जागा राहत नाही, आणि घाम येतोय हेही कळत नाही. त्यानंतर ती 31 ची मर्यादा नियमात आली. म्हणून एप्रिलमध्ये आमच्या तलावाच्या फळ्यावर 27 वाचून सत्तरीच्या गृहस्थांना मी वीस-वीस फेऱ्या मारताना बघतो, तेव्हा माझा जीव टांगणीला लागतो.

डोहावर मोजायला लागल्यापासून मला माणसं वेगळीच समजतात. एकदा गावातल्या दोघांनी मला महापालिकेचा अधिकारी समजून अर्धा तास गटाराची तक्रार ऐकवली. मी नुसता पोहणारा आहे म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसला नाही, त्यांनी माझ्या वहीचा फोटो काढून घेतला. पोरं विचारतात, "काका, मासे किती दाखवतंय?" एका रखवालदारानं केबल पाहून बॅग उघडायला लावली. मी प्रत्येकाला तेच सांगतो, पाणी किती अंश आहे ते बघतोय. त्यावर प्रत्येकाचा पुढचा प्रश्न तोच असतो : कशाला?

तो प्रश्न एकदाच कोणी विचारला नाही. गेल्या फेब्रुवारीत मी प्रोब सोडला तर आकडा आदल्या रविवारपेक्षा बराच खाली. मला वाटलं जोडणी सैल झाली. काढून पुन्हा घातला, तेच. घाटावर एक बाई धुणं धूत होत्या. माझी खटपट बघून म्हणाल्या, "वरनं पानी सोडलंय दादा कालच्याला. हात बघा की, कसं गारठल्यात."

मावशींचं बरोबर होतं. पवना धरण 1972 चं. पिंपरी-चिंचवडला पाणी धरणातून सोडतात, ते नदीतूनच वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून उचलतात. बंद जलवाहिनी घालायचं ठरलं होतं. त्याविरुद्धच्या आंदोलनात 9 ऑगस्ट 2011 ला द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला, मावळातले तीन शेतकरी गेले आणि ते काम थांबलं. त्यामुळे रावेतच्या वरची पवना आजही धरणाच्या सोडण्यावर चालते, आणि सोडलेलं पाणी तळाकडचं असेल तर गार असतं. विसर्ग किती क्युसेक हे जलसंपदा खातं सांगतं. तो किती अंश, हे त्या मावशींचे हात सांगतात. मी वहीत त्या दिवशीच्या आकड्यापुढे त्यांचं वाक्य लिहून ठेवलं.

रावेतच्या खाली मी पोहत नाही. कोणीच पोहू नये. चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीमागच्या घाटावर थंडीत पहाटे उभं राहिलं की पाण्यावर दाट वाफ दिसते. लोक फोटो काढतात, धुकं किती सुंदर म्हणतात. पाणी हवेपेक्षा ऊन असलं की वाफ दिसतेच, वरच्या डोहावरही दिसते. पण एका जानेवारीत मी दोन्हीकडे प्रोब सोडला, आणि खालचं पाणी वरच्यापेक्षा ऊन निघालं. किती, ते लिहीत नाही. एका वाचनावर आकडा सांगायचा नाही, ही आमच्या खोलीची शिस्त होती. कारण मात्र ओळखीचं आहे. लाखो घरांतली आंघोळीची, भांड्याधुण्याची पाणी नाल्यांतून नदीला मिळतात आणि घरातली ऊब बरोबर घेऊन येतात. घाटावरच्या त्या वाफेत शहराच्या न्हाणीघरांचीही ऊब असते. मला त्या पहाटे फार वाईट वाटलं. इंद्रायणीचीही तीच गत. आळंदीला कार्तिकीच्या एकादशीला वारकरी पहाटे पात्रात उतरतात तेव्हा अनेकदा पाण्यावर फेसाचे पुंजके असतात. माझी आजी त्या पाण्याला काय म्हणाली असती? तिच्याकडे त्यासाठी शब्द नव्हता.

प्रदूषण मंडळ मोजत नाही असं नाही. पवनेवर रावेत, चिंचवडगाव, पिंपरीगाव, कासारवाडी, दापोडी अशा ठिकाणी दरमहा नमुने घेतले जातात, त्यात तापमानही असतं. वर्षअखेरीच्या तक्त्यात त्याचा किमान आणि कमाल आकडा छापला जातो. तो तक्ता मी जपून ठेवतो, ज्यांनी काठावर उतरून बाटल्या भरल्या त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण महिन्यातलं एक वाचन आणि ते पुढच्या वर्षी हातात, यावर माणूस उद्या सकाळी पाण्यात उतरावं की नाही ते ठरवू शकत नाही.

आंघोळीला योग्य पाणी कोणतं, याचे केंद्राचे निकष आहेत. विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान 5 मिलिग्रॅम, बीओडी, म्हणजे घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, 3 पर्यंत, सामू साडेसहा ते साडेआठ, आणि विष्ठेतल्या जिवाणूंची मर्यादा. त्यात तापमान नाही. पण त्यातला प्राणवायू तापमानाचाच ताबेदार आहे. 20 अंशांच्या स्वच्छ पाण्यात समुद्रसपाटीला 9.1 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांच्या पाण्यात साडेसात. वर ऊन पाण्यात जिवाणूंची भूक वाढते ती वेगळीच. म्हणजे नदी तापली की तिची थाळी लहान होते आणि पंगत मोठी. नुसता 5 हा आकडा शेजारी तापमान नसताना वाचणं मला जमत नाही.

तापमानाचा उल्लेख नियमांत आहे तो कारखान्यांसाठी. नदीत सोडायचं सांडपाणी नदीच्या पाण्यापेक्षा 5 अंशांहून जास्त गरम असू नये. नियम चांगला आहे, मी तो आमच्या खोलीत भिंतीवर लावला होता. पण पाच अंश जास्त कशापेक्षा? कंपॅरेटर वापरणाऱ्या कोणालाही विचारा. आधी मास्टर ठेवून शून्य लावायचं, मग जॉब ठेवायचा. मास्टरच नसेल तर काटा जे दाखवेल त्याला अर्थ नाही. इथे मास्टर म्हणजे नदी, आणि नदीचा आकडा रोजच्या रोज कोणाच्याच भिंतीवर नाही.

माझा भाचा एका मशीन टूल कंपनीत आहे, कामासाठी दोन वर्षं बर्नला होता. तिथे आरे नावाची नदी शहराला वळसा घालून जाते आणि उन्हाळ्यात कचेरी सुटली की लोक कपडे पिशवीत घालून तिच्यात उतरतात, प्रवाहाबरोबर घराकडे येतात. सरकारच्या पर्यावरण खात्याचं मोजणी केंद्र नदीतच आहे, दर दहा मिनिटांनी नवा आकडा मिळतो. लिफ्टमध्ये माणसं एकमेकांना 'आज अठरा' म्हणतात आणि समोरच्याला कळतं कशाचे अठरा. हे भाच्यानं फोनवर सांगितलं तेव्हा मला त्यांच्या बर्फाचा नाही, त्यांच्या नदीचाही नाही, त्या लिफ्टमधल्या बोलण्याचा हेवा वाटला. त्या केंद्रात असतो तसलाच सेन्सर आपल्याकडे भोसरीच्या कुठल्याही दुकानात सकाळी मागितला तर संध्याकाळी मिळतो. तो बसवता येणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत.

मी तलावाच्या कार्यालयात अर्ज दिला. फळ्यावरची चौकट खडूची करावी, मी रोज पहाटे मोजून आकडा लिहीन, उपकरण माझं, प्रमाणपत्र जोडलं आहे. पोच मिळाली. महिन्याभरानं दुसरा अर्ज दिला, त्याचीही पोच मिळाली.

मार्चच्या सुरुवातीला तलाव आठ दिवस दुरुस्तीसाठी बंद होता. परवा उघडला. फरशा घासलेल्या, कपडे बदलायच्या खोलीला नवी कडी, आणि दारातला फळा नव्यानं रंगवलेला. पिवळा रंग ताजा होता, वास येत होता. खालची चौकट आता ठळक लाल रेघेची आहे. आत 'आजचे पाण्याचे तापमान 27° से.' अक्षर पूर्वीपेक्षा वळणदार आहे.

शिक्का मारणारा मुलगा माझ्याकडे बघत होता. मी काही बोललो नाही. काठावर बसून केबल सोडली, लाल दोरा पाण्याला टेकेपर्यंत, आणि आकडा स्थिरावायची वाट पाहिली. थोड्या वेळानं तो खुर्ची सोडून आला, शेजारी उकिडवा बसला.

"किती आहे काका?"

"थांब," मी म्हटलं, "अजून हलतोय."